वेळावदरचे काळवीट आणि वेडी बाभूळ : लेंड्यांतून होणाऱ्या बीजप्रसाराचे एक प्रकरण

गुजरातमधील भावनगर जिल्ह्यात, खंभातच्या आखाताच्या पश्चिमेला, भाल नावाचा सपाट, खारवट आणि एकेकाळी जवळजवळ वृक्षहीन असलेला प्रदेश आहे. वेळावदरचे काळवीट राष्ट्रीय उद्यान याच प्रदेशात आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर, म्हणजे राष्ट्रीय उद्यान म्हणून पाहता लहानच. परंतु भारतात गवत हेच मुख्य वैभव मानून राखलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे. भावनगर संस्थानच्या काळात राजघराण्याने हे रान राखले होते आणि तेथे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार केली जात असे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत बेसुमार शिकारीमुळे आणि अतिक्रमणामुळे काळविटांची संख्या झपाट्याने घसरली. १९७६ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर ती पुन्हा सावरली. हिवाळ्यात भोवत्या जातीचे शिकारी पक्षी येथे रात्रीच्या मुक्कामासाठी थव्याने गवतात उतरतात, पावसाळ्यात तणमोर येतो, आणि लांडगा वर्षभर काळविटांच्या मागावर असतो. या सर्वांना उघडे गवत हवे असते.

या गवतात एक परकी काटेरी वनस्पती शिरत आहे आणि तिला आत आणण्यात खुद्द काळविटाचा मोठा वाटा आहे. तृणभक्षी प्राण्यांच्या पोटातून होणाऱ्या बीजप्रसाराविषयी आपण बहुधा कौतुकाने बोलतो, कारण जंगलाची पुनर्निर्मिती अशा प्रसारावर अवलंबून असते. वेळावदरचे प्रकरण त्याच प्रक्रियेची दुसरी बाजू दाखवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादा प्राणी किती बिया वाहून नेतो यापेक्षा तो कोठे उभा राहतो आणि कोठे लेंड्या टाकतो हा प्रश्न अधिक निर्णायक ठरू शकतो, हे या प्रकरणातून फार स्पष्टपणे समजते.

वेडी बाभूळ आणि तिची शेंग

ही वनस्पती म्हणजे वेडी बाभूळ. शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा; अलीकडच्या वर्गीकरणात तिला नेल्टुमा या प्रजातीत टाकले आहे. गुजरातीत तिला गांडो बावळ म्हणतात. तिचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हे आहे. भारतात तिचे बी जमैकाहून आले आणि १८७७ च्या सुमारास आजच्या आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात तिची लागवड झाली. पुढे जळणाची टंचाई आणि वाळवंटाचा व खारटपणाचा प्रसार या दोन्ही अडचणींवरचा उपाय म्हणून कच्छ आणि सौराष्ट्रात ती मोठ्या प्रमाणावर लावली गेली. खारी जमीन, अवर्षण, तोड या सर्वांना ती पुरून उरते, आणि खोडाचा भाग जमिनीवर शिल्लक ठेवून तोडली तर बुंध्यातून अनेक फांद्या फुटून आधीपेक्षा दाट झुडूप तयार होते. तिच्या सावलीत आणि मुळांच्या पसाऱ्यात स्थानिक गवते टिकत नाहीत.

तिची पाने जनावरे सहसा तोंडात घेत नाहीत. शेंगा मात्र गोड असतात आणि पिकल्यावर पिवळ्या पडून झाडाखाली गळतात. अनेक शेंगावर्गीय झाडांच्या शेंगा वाळल्यावर तडकतात आणि बिया उडवतात. वेडी बाभळीची शेंग तडकत नाही. तिचा गर साखरेने भरलेला असतो, त्या गरात प्रत्येक बी स्वतंत्र चिवट कवचात बंद असते, आणि त्या कवचाच्या आत बीचे स्वतःचे कठीण टरफल असते. पाने नकोशी आणि शेंग हवीहवीशी ही रचना पाहिली की ही वनस्पती प्राण्यांकडून काय करून घेते हे ध्यानात येते.

ही शेंग कोणासाठी घडली असावी याविषयी डॅनियल जान्झेन आणि पॉल मार्टिन यांनी १९८२ मध्ये एक विचार मांडला होता. अमेरिकेत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत हत्तींचे दूरचे भाईबंद असलेले गोम्फोथेर, महाकाय भू-स्लॉथ आणि रानघोडे वावरत होते. अनेक मोठी, न तडकणारी, गोड फळे त्या प्राण्यांच्या पोटातून प्रवास करण्यासाठीच उत्क्रांत झाली आणि ते प्राणी नष्ट झाल्यावर मागे उरली. प्रोसोपिसच्या शेंगांचाही उल्लेख अशा फळांमध्ये होतो. हे खरे मानले, तर या वनस्पतीला विशिष्ट जातीचा प्राणी लागत नाही, शेंग गिळणारा आणि बिया पूर्णपणे न चावणारा कोणताही मोठा शाकाहारी चालतो. कच्छच्या छोट्या रणात ते काम रानगाढव करते, गावाशेजारी गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्या करतात, आणि वेळावदरच्या गवतात काळवीट आणि नीलगाय करतात.

पोटातला प्रवास

काळवीट रवंथ करणारा प्राणी आहे. अशा प्राण्याच्या पोटातून बी जिवंत बाहेर पडणे हे सोपे नसते. पहिला धोका दातांचा असतो. शेंग प्रथम घाईने चावून गिळली जाते आणि कोटीपोटात जाते. तेथे असंख्य सूक्ष्मजीव तंतूंचे किण्वन करतात. मग अन्न पुन्हा तोंडात येते आणि रवंथ करताना दुसऱ्यांदा, या वेळी सावकाश आणि बारीक, चघळले जाते. त्यानंतर ते जाळीपोट आणि पडदीपोट ओलांडून चौथ्या, खऱ्या पोटात पोहोचते, जेथे आम्ल आणि पाचक रस वाट पाहत असतात. मोठी आणि कठीण बी रवंथाच्या वेळी तोंडातूनच थुंकली जाते. डेहराडूनजवळील राजाजी राष्ट्रीय उद्यानात आवळ्याच्या अभ्यासात दिसले आहे की चितळ आवळे खाऊन जातात आणि आठळ्या रवंथ करण्याच्या जागी तोंडातून टाकतात. तेथे लेंड्या तपासून काही हाती लागले नसते. वेडी बाभळीचे बी मात्र इतके लहान असते की ते अन्नाबरोबर पुढे सरकू शकते, आणि त्याचे टरफल इतके कठीण असते की दातांखाली सापडले नाही तर ते आम्लातूनही बाहेर येते.

बाहेर येताना बीच्या स्थितीत दोन बदल झालेले असतात. शेंगेचा गर आणि बरेचसे कवच निघून गेलेले असते, आणि पाणी आत जाऊ न देणारे टरफल थोडेफार खरवडले गेलेले असते, म्हणून पहिल्याच चांगल्या पावसात रुजण्याची शक्यता वाढते. सर्व बिया एकाच वेळी रुजत नाहीत. काही टरफले अभेद्यच राहतात आणि त्या बिया जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. आक्रमक वनस्पतीच्या दृष्टीने हा मिश्र परिणाम सर्वांत लाभाचा आहे, कारण एक दुष्काळी वर्ष सगळी पिढी संपवू शकत नाही. शिवाय शेंगा झाडाखालीच पडून राहिल्या तर बिया पोखरणारे भुंगेरे त्यांत अंडी घालतात; शेंग लवकर खाल्ली गेली तर बीची त्यांच्यापासून सुटका होते.

येथे प्राण्याप्राण्यांत बराच फरक पडतो. गाय-बैल शेंगा कमी चावतात आणि त्यांच्या शेणातून शाबूत बिया मोठ्या प्रमाणात निघतात. शेळ्या-मेंढ्या अधिक बारीक चघळत असल्यामुळे त्यांच्या पोटात बऱ्याच बिया नष्ट होतात. काळवीट आकाराने शेळी-मेंढीच्या जवळचे आहे. तेव्हा केवळ पोटाचा विचार केला असता काळवीट हे बीजप्रसाराचे फार प्रभावी साधन नसावे असे एखाद्याला वाटले असते. वेळावदरमध्ये प्रश्न पोटावर थांबला नाही, म्हणून हे प्रकरण मोलाचे ठरले.

नरांचा आखाडा

काळविटाच्या नराला विणीच्या काळात स्वतःचा इलाखा हवा असतो. बहुतेक ठिकाणी असे इलाखे विखुरलेले असतात. वेळावदरमध्ये मात्र अनेक नर एकाच उघड्या जागी, एकमेकांना खेटून, लहान लहान इलाखे धरून बसतात. त्या इलाख्यांत खायला विशेष काही नसते; माद्या तेथे केवळ जोडीदार निवडण्यासाठी येतात. प्राणिशास्त्रात अशा जागेला ‘लेक’ (इंग्रजी lek) म्हणतात; येथे तिला आखाडा म्हणणे सोयीचे होईल. हरणांच्या आणि कुरंगांच्या जगात अशी पद्धत दुर्मीळ आहे आणि वेळावदर तिच्या अभ्यासासाठी जगभर ओळखले जाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कविता ईश्वरन यांनी काळविटांच्या आखाड्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

इलाखा धरलेला नर दोन गोष्टी करतो ज्या कळपातील प्राणी करत नाही. तो आपल्या जागेपासून फार दूर जात नाही, आणि आपल्या इलाख्यात ठरावीक जागीच लेंड्या टाकतो. दिवसेंदिवस त्याच ठिकाणी लेंड्या पडून ढीग तयार होतो. शेजाऱ्याला आणि येणाऱ्या मादीला तो मालकीचा इशारा असतो. उलट नर-माद्यांचे मिश्र कळप विस्तीर्ण क्षेत्रात फिरतात आणि त्यांच्या लेंड्या चालता चालता कोठेही विखुरतात. एकाच जातीत, एकाच रानात, एकाच हंगामात बिया वाहून नेण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार शेजारी शेजारी चालू असतात.

बीजप्रसाराच्या संशोधनात तुलना सहसा जातीजातींमध्ये होते: हत्ती विरुद्ध माकड, पक्षी विरुद्ध वटवाघूळ. एकाच जातीतील वेगवेगळ्या प्राण्यांच्या वागण्यामुळे काय फरक पडतो हे क्वचितच मोजले गेले होते. शिवानी जाडेजा, सौम्या प्रसाद, सुहेल क्वाडर आणि कविता ईश्वरन यांनी वेळावदरमध्ये नेमके हेच मोजले आणि २०१३ मध्ये ओइकोस या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांनी साखळीतील तीन दुवे स्वतंत्रपणे तपासले: शेंगा कोण उचलतो, बिया कोठे पोहोचतात, आणि रोपे कोठे उगवतात. माझ्या मते या मांडणीतच अभ्यासाचे बळ आहे, कारण लेंडीत बी सापडले एवढ्यावरून बीजप्रसार सिद्ध झाला असे मानण्याची सवय बरीच रूढ आहे आणि ती पुरेशी नाही. पहिल्या दुव्याबाबत आढळले की प्रौढ नर माद्यांच्या मानाने दुप्पट शेंगा उचलतात. दुसऱ्याबाबत आढळले की नरांच्या इलाख्यांत येऊन पडणाऱ्या बियांचे प्रमाण इतर जागांच्या तुलनेत कितीतरी अधिक आहे. आणि आखाड्यातील इलाखे एकमेकांना खेटून असल्यामुळे बिया संपूर्ण रानात पसरण्याऐवजी थोड्या जागेत एकवटतात. तिसऱ्या दुव्याचा निकाल सर्वांत महत्त्वाचा आहे. बिया दाटीने पडल्या म्हणजे रोपेही दाटीने येतील असे गृहीत धरता येत नाही. अशा ठिकाणी बुरशी, किडे, उंदीर किंवा रोपांची आपापसातील स्पर्धा सगळा फायदा पुसून टाकू शकते. वेळावदरमध्ये तसे झाले नाही. यादृच्छिकपणे निवडलेल्या जागांच्या मानाने इलाख्यांत रोपांची संख्या लक्षणीयरीत्या जास्त होती, म्हणजे नरांनी केलेली बियांची दाटी रोपांच्या अवस्थेतही टिकून राहिली. इलाख्यातील गवत खुडलेले आणि तुडवलेले असते आणि ढिगाखालच्या मातीत खत मुरलेले असते, ही परिस्थिती रोपाला अनुकूल आहे हे सहज समजण्यासारखे आहे.

हे मोजमाप रोपांपर्यंतचे आहे, हेही तितकेच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. रोपापासून झुडपापर्यंतच्या वाटेवर खारटपणा, दुष्काळ आणि तुडवणाऱ्या खुरांची गाळणी असते. परंतु प्रत्येक पावसाळ्यात त्याच काही जागी रोपांची नवी फळी येत असेल, तर ती गाळणी कितीही बारीक असली तरी काही रोपे निसटणार, आणि वेडी बाभळीला थोडीच पुरतात.

परिणाम काय होऊ शकतो ते पाहू. नर आखाड्यासाठी उघडी जागा निवडतो, कारण तेथे तो दुरून दिसतो आणि लांडगाही दुरून दिसतो. माद्या झाडोऱ्यात शिरण्याचे टाळतात. तोच नर त्या जागेच्या मधोमध, स्वतःच्या खुणेच्या ढिगात, ती जागा बंद करणाऱ्या झुडपाचे बी पेरतो. झुडपे वाढली तर आखाडा हलेल, आणि जेथे हलेल तेथे हाच क्रम पुन्हा सुरू होईल. गवताळ रानाच्या कडेकडेने आक्रमण पुढे सरकते अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. येथे मात्र गवताच्या मध्यभागी नवी केंद्रे निर्माण होतात, आणि त्यांतील प्रत्येक झाड शेंगा धरू लागले की स्वतंत्र स्रोत बनते.

गेंडा आणि पेटारी

याच यंत्रणेचे जुळलेले रूप नेपाळमधील चितवनमध्ये दिसते. तेथील एकशिंगी गेंडा पेटारीची (ट्रेविया नुडिफ्लोरा) टणक फळे खातो. गेंडाही ठरावीक जागी शेण टाकतो आणि त्याची शेणाची आगारे पुष्कळदा नदीकाठच्या उघड्या पूरमैदानात असतात. एरिक डायनरस्टाइन आणि ख्रिस वेमर यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की पेटारीच्या रोपाला सावली मानवत नाही, आणि गेंडा त्याचे बी दाट झाडीतून उचलून उन्हात, खताच्या ढिगावर आणून ठेवतो. प्राण्याचे वागणे तेच, ठरावीक जागी मलविसर्जन. पण तेथे प्राणी आणि झाड दोघेही त्या भूमीचे आहेत आणि पुराने सतत बदलणाऱ्या पूरमैदानाचा समतोल दोघांना सामावून घेतो. वेळावदरमध्ये काळविटाची सवय लाखो वर्षे जुनी आहे, झाड मात्र भारतातच सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आलेले आहे. त्या सवयीत दोष शोधणे योग्य नाही. देशी बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगाही काळवीट खाते, गवतांच्या बारीक बिया पानांबरोबर गिळते, आणि या सर्वांचा प्रसार गवताळ प्रदेशाच्या घडणीचाच भाग राहिला आहे.

व्यवस्थापनासाठी काय निघते

या प्रकरणातून व्यवहारात उपयोगी पडेल असे बरेच काही निघते, आणि ते पुरेशा गांभीर्याने घेतले जात नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते. वेडी बाभूळ काढण्याचे काम बहुधा झाडी जेथे सर्वांत दाट आहे तेथे सुरू होते, कारण तेथे काम दिसते आणि लाकूडही मिळते. बीजप्रसाराच्या अंगाने पाहिले तर क्रम वेगळा असायला हवा. आखाड्यांतील नर चरण्यासाठी ज्या परिसरात जातात, तेथील शेंगा धरणारी मोठी झाडे, संख्येने थोडी असली तरी, आधी निघाली पाहिजेत, आणि ती शेंगा पिकण्यापूर्वी निघाली पाहिजेत. शेंगा पिकल्यावर तोड केली तर तोडलेल्या फांद्यांवरच्या शेंगा खाऊन काळवीट बिया आपल्या मार्गाने नेणारच. खोड मुळाच्या मानेखाली तोडावे लागते. वरून छाटणे म्हणजे पुढच्या वर्षी अधिक दाट झुडपाची तयारी करणे होय.

दुसरे काम आखाड्यांचे आहे. त्यांच्या जागा अभ्यासकांना आणि वनरक्षकांना माहीत असतात आणि त्या बऱ्याच स्थिर असतात. पावसाळा ओसरल्यावर, विणीचा जोर नसताना, लेंड्यांच्या ढिगांभोवतीची रोपे कोवळी असतानाच मुळासकट उपटणे हे संपूर्ण उद्यान पालथे घालण्यापेक्षा कितीतरी कमी खर्चाचे आहे. बिया एकवटतात हा काळविटाच्या वागण्याचा जो तोटा आहे, तोच येथे सोयीचा ठरतो: कोठे शोधायचे हे आधीच ठाऊक असते. मात्र जमिनीत बिया अनेक वर्षे टिकत असल्यामुळे हे काम एका हंगामात संपणारे नाही, आणि एक-दोन वर्षांच्या निधीवर आखलेली मोहीम येथे अपुरी पडते. नीलगायही ठरावीक जागी शेणाचे ढीग करते, म्हणून तिच्या ढिगांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

उद्यानाबाहेरचा प्रश्न अधिक कठीण आहे. भालमधील आणि एकूणच सौराष्ट्र-कच्छमधील अनेक कुटुंबांना वेडी बाभूळ जळण देते, कोळसा देते, उन्हाळ्यात जनावरांना शेंगा देते. तेथून ती समूळ काढण्याची भाषा अन्यायाची आणि अव्यवहार्य आहे. उद्यानाच्या हद्दीलगत शेंगा जमिनीवर पडू न देता गोळा करून दळल्या आणि मग चारा म्हणून दिल्या, तर बिया चिरडल्या जातात आणि गुरांच्या शेणातून होणारा प्रसार थांबतो. शेंगेचे पीठ पशुखाद्यात चालते हे सिद्ध झालेले आहे. अशा कामाला मजुरी मिळाली तर गावकऱ्यांचा त्यात स्वाभाविक रस राहील.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे आहे, सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर काळविटांचे कळप आहेत, आणि पठारावरील ओढ्याकाठी, पडीक जमिनीवर वेडी बाभूळ सर्वत्र आहे. वेळावदरसारखे दाटीचे आखाडे नसले तरी इलाखा धरणारा नर येथेही आपल्या ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग करतो. प्रत्येक पावसाळ्यानंतर अशा ढिगांभोवतीची रोपे आणि तेवढ्याच क्षेत्राच्या, यादृच्छिकपणे निवडलेल्या गवताळ तुकड्यांतील रोपे मोजून दोन्ही आकडे शेजारी शेजारी नोंदवणे, हे काम वनरक्षक आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी कोणत्याही महागड्या साधनाशिवाय करू शकतात. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी हाती आल्या, तर कोणती झाडे आधी काढायची हे अंदाजाने ठरवण्याची गरज राहणार नाही.